बॅटरी ओके

जन्मभर दुसऱ्यांना वाटेला लावत बसलं की माणसाला वाटायला लागतं, आपणच सगळा मुलूख फिरून आलो. आमच्या गल्लीतल्या कंट्रोलरचं असंच झालं होतं. बस डेपोच्या खिडकीत बसून त्यानं सारी नोकरी काढली. हातात माईक, गळ्यात शिट्टी. अमुक गाडी फलाटावर लागत आहे, तमुक गाडी सुटत आहे, प्रवाशांनी दारात उभं राहू नये. गाड्या आल्या, गेल्या, मोडल्या, भंगारात निघाल्या; हा आपला खिडकीत. स्वतः गाडीत बसला तो एकदाच, बायकोला माहेरून आणायला, आणि तेव्हाही वाटेत त्याला ओकारी झाली. ही गोष्ट बायकोनंच सांगितलेली, तेव्हा खरी धरायला हरकत नाही.

पण तोंड ऐकाल तर! "तिकडचा घाट काय विचारता? वळण असं, की ड्रायव्हरला आपल्याच गाडीचं बूड दिसतं." कोणी म्हणालं, "तुम्ही पाहिलाय तो घाट?" तर हा छाती पुढं काढणार. "पाहायचं काय त्यात? रोज गाड्या सोडायचो मी त्या घाटात."

रिटायर झाला तशी डेपोची क्वार्टर सोडायची वेळ आली. बाकीचे लोक अशा वेळी दोन खोल्या बघतात. यानं ट्रेलर बघितला. कुठल्याशा कंपनीनं वापरून टाकलेला. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, बेसिन, कोपऱ्यात उभ्यानं अंघोळ करता येईल एवढी मोरी, पलंगाखाली पाण्याची टाकी आणि ते पाणी नळाला ढकलणारा एक चिमुकला पंप. इंजिन नाही. पुढं लोखंडी दांडा आणि त्याला आकडा. दुसऱ्या गाडीच्या मागे अडकवायचं आणि ती नेईल तिकडं मुकाट जायचं. दांड्यावर एक झाकणाचा डबा, डब्यात बॅटरी.

तो ट्रेलर डेपोमागच्या मोकळ्या प्लॉटवर, सलूनच्या शेजारी, आणून टेकवला तो टेकवलाच.

"चार दिवस आहे इथं," कंट्रोलर पहिल्या दिवशी म्हणाला. "मग निघालोच समजा."

आम्ही समजलो. दिवाळखोरानं देणी समजावीत तसं. पुढं वर्षं गेली. चाकांपाशी गवत वाढलं, त्यात मांजर दोनदा व्याली, तिच्या पोरींना पोरं झाली, आणि दर खेपेला कोणी विचारलं की उत्तर तेच. गल्लीनं त्याचं नाव 'निघालोच' ठेवलं. त्याला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं, हीच तर खरी पंचाईत.

जमीन तिथं उतरती. त्यामुळे ट्रेलर डाव्या अंगाला कललेला. आत टेबलावर लिंबू ठेवलं की ते कुणाला न सांगता दाराकडं निघायचं. त्या घरात कुणी प्रवास केला असेल तर त्या लिंबानं.

आता बायकोचं बघा. बाई बोलायला कमी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. आणि तिला हवा होता तो खिळाच. वडील वारल्यावर माहेराहून तिच्या वाट्याला एक घड्याळ आलं होतं. लंबकाचं, लाकडी पेटीतलं, वडिलांच्या दुकानात टांगलेलं. बाकी भावांनी नेलं. घड्याळ गोधडीत बांधून आलं तेव्हा ट्रेलरमध्ये बिऱ्हाड नुकतंच लागलेलं.

"एक खिळा मारून द्या," ती म्हणाली.

"खिळा? गाडीत?" कंट्रोलर असा दचकला जसा तिनं त्याच्याच कपाळात मागितला. "अगं, गाडी हलली की लंबक सुटेल, काच फुटेल. उद्या निघायचं म्हटलं की पंचाईत. बांधून ठेव."

हा झाला कायदा. बांधून ठेव. ताटल्या टोपलीत, टोपली दोरीनं बांधलेली. कपड्यांच्या पिशव्या, पिशव्यांना गाठी. मीठ लागलं तर आधी गाठ सोडा. दारात कुंडी नको, मुळं धरतात. ओसरीला पत्रा नको, निघताना आडवा येतो. संसार म्हणजे फलाटावर गाडीची वाट बघत बसलेलं बोचकं. घड्याळ तसंच गोधडीत, पलंगाखाली, पाण्याच्या टाकीशेजारी गेलं. त्यानं ते उघडून बघितलंसुद्धा नाही.

रोज सकाळी मात्र तपासणी व्हायची. डेपोची रीत अशी, की गाडी सुटायच्या आधी कंट्रोलरनं एकेक नाव पुकारायचं आणि मेकॅनिकनं गाडीखालून ओरडायचं, "ओके." ब्रेक? ओके. लाइट? ओके. कंट्रोलरनं वाकून बघायचं नसतं. ते त्याच्या पायरीला शोभत नाही. हात काळे करायचे दुसऱ्यानं, शिट्टी मारायची यानं. हीच रीत त्यानं घरी आणली. डेपोतून आणलेला छोटा हातोडा घेऊन तो ट्रेलरभोवती फिरायचा, चाकांवर टकटक करायचा, कान लावायचा, डॉक्टरनं पोट वाजवावं तसा. मग पुकारा.

"पाणी?"

आतून बायको, कणीक मळता मळता: "ओके."

"गॅस?"

"ओके."

"बॅटरी?"

"ओके!"

मग शिट्टी. शिट्टी झाली की तो पायांत चपला सरकवून डेपोत जायचा आणि बाकावर बसून नव्या कंट्रोलरच्या चुका काढायचा. ट्रेलर जागेवर.

बॅटरी हा तर त्याचा देव्हारा. "बॅटरी जिवंत आहे तोवर गाडी जिवंत," तो म्हणायचा. "बॅटरी काढली की ट्रेलरची खोली झाली. आणि खोलीच घ्यायची असती तर मी मूर्ख होतो का?" यावर गल्लीत कुणी उत्तर द्यायचं नाही. बॅटरीत पाणी घालायचं काम अर्थातच बायकोचं.

आता सलूनवाला. याला हजामतीपेक्षा वायरींचा नाद. दुकानात त्यानं एक दिवा आणि एक छोटा पंखा बॅटरीवर जोडून ठेवला होता, लाइट गेली की गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून. एका दुपारी लाइट गेली आणि त्याची बॅटरीही मान टाकून बसली. खुर्चीत पंचायतीचा एक जाडजूड कारकून, अर्धी दाढी झालेली. तो तसाच टॉवेल गळ्यात घेऊन कचेरीत गेला, आणि दोन दिवस सलूनवाल्याला आल्यागेल्यानं टोचलं: "काय रे, अर्धा दर का तुझा?"

कंट्रोलरची बायको हे दारातून बघत होती. कंट्रोलर डेपोत. ती सलूनवाल्याला म्हणाली, "भाऊ, एक विचारू? आमचा ट्रेलर तर हलत नाही. मग त्याला बॅटरी लागते कशाला?"

सलूनवाला कात्री पुसत म्हणाला, "खरं सांगू वहिनी? लाइटचा प्लग लावलेला आहे ना, तोवर तिला काही काम नाही. आत एक यंत्र आहे, ते लाइटीवर तुमचे दिवे आणि पंप चालवतं, वर बॅटरीलाही भरवत बसतं. ती नुसती खाऊन लोळते."

"घरात एक आहे तसं."

"ते मी कसं म्हणू! पण लाइट गेली की तिला उठावं लागतं. आणि ट्रेलर रस्त्याला लागला तर ती पाहिजेच. जोड तुटला तर ब्रेक तिच्यावर लागतात."

"रस्त्याला लागला तर," बाई म्हणाली, आणि दोघंही जरा वेळ गवतातल्या मांजरीकडं बघत राहिले.

लाइट आल्यावर त्यांनी करून बघितलं. वायरी सोडल्या, टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, बॅटरी उचलून सलूनमध्ये नेली. आत दिवा लावला, लागला. नळ सोडला, पाणी आलं. डबा रिकामा राहिला तर वाऱ्यानं खडखडेल म्हणून बाईनं त्यात दोन विटा ठेवल्या आणि झाकण लावलं.

"वहिनी, मी याचं काय देऊ?" सलूनवाल्यानं विचारलं.

"एक खिळा," ती म्हणाली. "तुमच्या भिंतीत."

असं ते घड्याळ गोधडीतून निघालं आणि सलूनच्या आरशाशेजारी लागलं. दुकान सपाट जमिनीवर, घड्याळ ठणठणीत चालायला लागलं. बाई दिवसातून एकदा किल्ली द्यायला जायची, पदरानं काच पुसायची, दोन मिनिटं उभी राहायची आणि परत यायची. आपल्या बापाला भेटायला तिला परक्याच्या दुकानात जावं लागत होतं, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. फक्त एका माणसाला नव्हतं, आणि तो रोज त्या घड्याळाखाली दाढीला बसायचा.

बसायचा म्हणजे कसा! मनगटावरचं घड्याळ त्या घड्याळाशी जुळवायचा. "हे घड्याळ बघ," सलूनवाल्याला सांगायचा, "याला म्हणतात वेळ. कुठून आणलंस?"

"एका ओळखीच्या घरून. त्यांच्याकडं जागा नव्हती."

"गाढव लोक."

"आता काय बोलणार साहेब," सलूनवाला म्हणायचा, आणि साबणाचा ब्रश जरा तोंडात जाईल असा फिरवायचा.

लाइट गेली की दिवा आणि पंखा बॅटरीवर सुरू. कंट्रोलर खूश. "बॅटरी अशी पाहिजे! पाणी घालतोस ना वेळेवर? बायकांवर सोडू नकोस. आमच्या हिला मी रोज विचारतो, म्हणून टिकली आमची." खुर्चीच्या मागे वाट बघणारे लोक वर्तमानपत्रात तोंड घालून हसायचे. वर्तमानपत्र हलायचं. आणि सकाळी पुकारा झाला, "बॅटरी?", की आतून उत्तर यायचं, "ओके!" खोटं त्यात काही नव्हतं. बॅटरी ओकेच होती. कुठं आहे हे त्यानं विचारलं नव्हतं.

घरात लाइट गेली तर पंप थांबणार, म्हणून बाई एक बादली कायम भरून ठेवायची. इतकं सोपं होतं सगळं. आणि चाललं असतं असंच, पण डेपोच्या बाकावर थोरला ड्रायव्हर येऊन बसला.

थोरला ड्रायव्हर म्हणजे कंट्रोलरच्याच वेळचा, त्याच्यासारखाच रिटायर. फरक इतकाच की यानं तो घाट खरोखर चढला होता. 'निघालोच' ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. एक दिवस तो बाकावरून उठलाच.

"साहेब, अडलंय कुठं? ओढायला गाडी नाही, हेच ना?"

"हेच. दुसरं काय? गाडी मिळाली की निघालोच."

"माझ्या जावयाकडं पिकअप आहे. मागे आकडा आहे. उद्या सकाळी येतो."

कंट्रोलर हसला. चारचौघांत बसलेला माणूस दुसरं करणार काय? "ये की," म्हणाला.

आणि तो मेला खरंच आला.

सकाळची वेळ. कंट्रोलर मोरीत, अंगाला आणि डोक्याला साबण. बाहेर पिकअपचा हॉर्न, डेपोच्या जुन्या खुणेचा, दोन आखूड एक लांब. त्याच घडीला गल्लीची लाइट गेली. पंप उचकी दिल्यासारखा थांबला आणि नळाची धार सुतासारखी होऊन तुटली. बादली बाईनं नुकतीच भांड्यांना उपसलेली.

मोरीतून आवाज आला, "पाणी?"

बाईनं रिकाम्या बादलीकडं बघितलं.

"बॅटरी?"

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघालंच: "ओके!"

"ओके तर पाणी का येत नाही?"

कंट्रोलर कमरेला पंचा गुंडाळून, डोळे मिचकावत, फेसासकट बाहेर आला. बाहेर थोरला ड्रायव्हर, सलूनवाला, आणि पिकअप बघायला जमलेली निम्मी गल्ली. तो तरातरा दांड्यापाशी गेला आणि त्यानं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं डब्याचं झाकण उघडलं.

दोन विटा.

थोरला ड्रायव्हर वाकून बघून म्हणाला, "साहेब, ही कुठल्या कंपनीची?"

हशा पिकला. कंट्रोलर बायकोकडं वळला. "बॅटरी कुठंय?"

"सलूनमध्ये," ती म्हणाली. "दिवा आणि पंखा चालतो तिच्यावर. तुम्ही बसता ना खाली, तोच पंखा."

"आणि मला रोज ओके म्हणत होतीस?"

"तुम्ही रोज विचारत होतात. बघत कुठं होतात?"

आम्हाला वाटलं, आता हा फुटणार. आणि फुटला तो, पण बघा कसा. आधी तोंड लाल झालं. मग त्याची नजर पिकअपकडं गेली, आकड्याकडं गेली, परत विटांकडं आली. आणि त्याच्या फेसाळलेल्या तोंडावर हळूहळू, परीक्षेच्या दिवशी ताप आलेल्या पोरासारखा आनंद पसरला.

"मग आता कसं निघणार?" हात पसरून त्यानं गल्लीला विचारलं. "बॅटरीशिवाय ट्रेलर रस्त्यावर घालता येत नाही! जोड तुटला तर ब्रेक कशावर लागणार? नियम आहे, नियम! मी आज निघालो असतो. बघा सगळ्यांनी, मी पंच्यावर निघालो असतो. हिनं घालवलं!"

सुटला. इतकी वर्षं न निघण्याला त्याच्याकडं कारण नव्हतं, आणि आज बायकोनंच ते डब्यात घालून ठेवलं होतं.

बाईनं तो आनंद बघितला. सलूनमध्ये गेली. बॅटरी सुटली तसं आत अंधारात कुणीतरी गिऱ्हाईक "अहो, अहो" करत होतं. ती आणि सलूनवाला दोन बाजूंनी बॅटरी धरून बाहेर आले. विटा काढून गवतात टाकल्या, बॅटरी डब्यात बसवली, सलूनवाल्यानं चिकटपट्टी सोडून वायरी जोडल्या. ट्रेलरमध्ये पंप गुरगुरला आणि उघडा राहिलेला नळ मोरीत धो धो वाहायला लागला.

"बॅटरी ओके," बाई म्हणाली. "आता या बघून."

त्याला बघावं लागलं. बघून तो म्हणाला, "सामान बांधायला दोन दिवस तरी..."

"बांधलेलंच आहे. पहिल्या दिवसापासून."

तिनं नुसता नळ आणि गॅस बंद केला, प्लग काढला, मिठाच्या पिशवीची गाठ बघितली आणि पिकअपमध्ये पुढं जाऊन बसली. पाय जुळवून, हात मांडीवर. थोरल्या ड्रायव्हरनं आकडा अडकवला, स्टिअरिंगवर बसला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"साहेब, पाटी?"

"काय?"

"पाटी कुठली लावू? पाटीशिवाय गाडी सुटायची नाही, हा तुमचाच हुकूम. माझी गाडी एकदा तासभर थांबवली होतीत पाटीसाठी. सांगा. कुठं जायचं?"

कंट्रोलरनं तोंड उघडलं. माईकवर हजार गावं ओरडलेलं ते तोंड. साबण वाळून त्याच्या कानाशी तडकायला लागला होता. गल्ली वाट बघत होती. खरं सांगायचं तर आम्हालाही ऐकायचं होतं. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं त्याला, कुठं? आम्ही सगळे 'कधी' विचारत होतो.

तोंड तसंच उघडं राहिलं. एक गाव बाहेर येईना.

बाई खिडकीतून म्हणाली, "कुठलंही सांगा. मी येते. थट्टा करत नाही. मला खिळा द्या, नाहीतर रस्ता द्या. एक काहीतरी द्या."

कंट्रोलरनं खाली बघत, माईकवरच्या आवाजात, पण माईक नसताना म्हटलं, "फेरी... रद्द."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं बरंच होतं, पण पंच्यावर उभ्या माणसाला किती हसणार!

बाई उतरली. दाराशी टेकवलेला डेपोचा हातोडा तिनं उचलला, सलूनमध्ये गेली, घड्याळ उतरवून काखेत घेतलं, खिळा उपटला आणि परत आली. पलंगाच्या वर, बरोबर मधोमध, तिनं खिळा ठोकला. ट्रेलरच्या पातळ भिंतीतून तो बाहेरच्या बाजूला टोक काढून आला. आम्ही बाहेरून बघितलं. कंट्रोलरनंही बघितलं, आणि बोट लावून बघितलं.

"हे घड्याळ तर सलूनचं," तो म्हणाला.

"माझ्या बापाचं."

त्याला आपण कुणाला गाढव म्हणालो होतो ते आठवलं असावं, कारण तो अंग धुवायला आत गेला.

बॅटरी त्याच दिवशी सलूनमध्ये परत गेली. खुर्चीतलं गिऱ्हाईक अजून "अहो, अहो" करत होतं. पण गोष्ट इथं संपत नाही, कारण घड्याळ चालेना. लंबकाला सरळ भिंत लागते आणि ट्रेलर डावीकडं कललेला. टिक म्हणायचं, मग बराच विचार करून टक म्हणायचं, आणि थांबायचं. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरंच वाकडं होतं. बाईचं काही म्हणणं नव्हतं. बाप भिंतीवर आला, चालला नाही तरी चालेल. पण कंट्रोलरला झोप येईना. घरात बंद घड्याळ! चुकीची वेळ दाखवणारं! दोन दिवस त्यानं काढले, तिसऱ्या दिवशी जॅक मागून आणला. डावीकडची चाकं उचलली, गवतात पडलेल्या त्याच दोन विटा खाली सारल्या. पुरेनात. आणखी आणल्या. मग उजवीकडून बघितलं, तर तिकडं जरा खाली. असं करत करत चारही चाकं जमिनीवरून उठली, आणि उठलेली चाकं हलतात, घड्याळाला धक्का बसतो, म्हणून त्यानं ती काढूनच टाकली. स्वतःच्या हातानं. काळेकुट्ट हात करून.

बाईनं एका टायरमध्ये माती भरून पुदिना लावला.

परवा सलूनमध्ये एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, "कायमच्या उभ्या ट्रेलरला बॅटरी लागते का हो?" कंट्रोलर खुर्चीत होता. पंखा डोक्यावर चालू होता. "निघणाऱ्याला लागते," तो डोळे न उघडता म्हणाला. "आणि अंघोळ करणाऱ्याला. बाकी बादली पुरते."

पुकारा मात्र सुटलेला नाही. जित्याची खोड. चाकं नाहीत, हातोडा बायकोच्या ताब्यात, तरी सकाळी तो दारात उभा राहतो.

"पाणी?"

"ओके."

"गॅस?"

"ओके."

"घड्याळ?"

"आत येऊन बघा," ती म्हणते.